एक जुलैची मुलगी

कुरोहामा, २८ मे

निवा-सान यांस,

यामासे सुरू झाला. समुद्रावरून येणारा हा गार, ओला वारा तुम्हाला पहिल्या वर्षी अजिबात सोसला नव्हता. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर हातमोजे घालून तुम्ही बंदरावर उभे होता आणि म्हणत होता, की या गावाने उन्हाळा कुठेतरी कोंडून ठेवलाय. तिकडे नागोयात एव्हाना पंखे फिरायला लागले असतील.

अकरा वर्षं दोन महिन्यांनी लिहितो आहे. कारण आहे म्हणून लिहितो, नाहीतर तुमचा वेळ घेतला नसता. आपल्या प्रांतिक स्केटिंग संघाला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं पूर्ण होतात. स्मरणिका निघणार आहे. शर्यतवाल्यांना चौसष्ट पानं आणि आपल्या फिगर स्केटिंग विभागाला सोळा. यात काही बदललेलं नाही हे तुमच्या लक्षात येईल. सरावाला बर्फही अजून आपल्याला पहाटे पाचलाच मिळतो.

सोळा पानांची जबाबदारी माझ्याकडे आहे. तुम्ही आमच्याकडे नऊ हंगाम प्रशिक्षक होता. माझ्या नोंदीप्रमाणे रुजू होण्याची तारीख १ एप्रिल आणि राजीनामा ३१ मार्च. दोन्ही बरोबर असल्याचं तुमच्या हातून हवं आहे, शिवाय एक फोटो. बर्फावरचा असेल तर उत्तम. माझ्याकडे तुमचा एकच आहे आणि त्यात तुम्ही सूप पिताना डोळे मिटलेले आहेत.

आणखी एक लहानशी बाब. तुमच्या शेवटच्या हंगामात, मुलींच्या नवोदित गटात, आपल्या प्रांतातून कोणीच उतरलं नव्हतं. रकाना रिकामा दिसतो. तिथे मी 'तांत्रिक कारणामुळे सहभाग नाही' असं घातलं आहे. हरकत असल्यास कळवावं.

ओसानाइ योशिहिसा
नोंदणी-सचिव, फिगर विभाग


१४ जून

निवा-सान,

मागचं पत्र ३१ मेला सकाळी पोचलं. पोचपावती परत आली आहे. त्यावर सहीच्या जागी उमटलेला तुमच्या नावाचा शिक्का उजव्या कडेला चिरलेला आहे. तो माझ्याच हातून पडला होता, परीक्षेच्या दिवशी, गुणपत्रिकांवर घाईने उमटवताना. नवा करून देतो म्हणालो तर तुम्ही म्हणालात, राहू दे, आता कोणी माझी खोटी सही करणार नाही. म्हणजे तो शिक्का अजून वापरात आहे आणि पत्र तुमच्या हातात पडलं आहे, एवढं मला कळलं.

फोटोची घाई नाही.

हा नोंदणीचा महिना. तुम्हाला माझं हे काम कधी फारसं आवडलं नाही. तुम्ही म्हणायचात, मुलं बर्फावर घडतात आणि तुझ्या टेबलावर अडतात. पण कोणीतरी टेबलाशी बसावं लागतं. मुलाचं नाव आधी क्लबकडे, क्लबकडून आमच्याकडे, आमच्याकडून तोक्योला महासंघाकडे. तिथून आकडा आला की मगच ते मूल देशाच्या दृष्टीने स्केटर. आकडा नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर विभागीय स्पर्धा नाही, आणि विभागीय नाही तर पुढचं सगळं टीव्हीवर बघायचं. वर तोक्योत समित्यांमध्ये बसतात ते सगळे कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाचे जुने खेळाडू. एकमेकांना टोपणनावाने हाक मारतात. आणि खाली, प्रत्येक प्रांतात, माझ्यासारखा एक जण फुकट बसून जन्मतारखा तपासतो. मी हायस्कूलपर्यंत शिकलेला, शीतगृहात यंत्रं चालवणारा माणूस. पण या प्रांतातून गेलेला एकही फॉर्म एकतीस वर्षांत तोक्योहून दुरुस्तीसाठी परत आलेला नाही. दुसरा असा प्रांत मला दाखवा.

यंदा चाळीस फॉर्म आले. सदतिसावा किदाते सुमिरे नावाच्या मुलीचा आहे. या वर्षी अकराची होते. जन्मतारीख एक जुलै.

तुम्ही इथे वाचायचे थांबाल, म्हणून पटकन लिहितो. नियम तुम्हाला माहीत आहे. एक जुलैच्या आत जिला अकरा वर्षं पूर्ण झाली, ती नवोदितांच्या वरच्या गटात, बाकीच्या खालच्या. आणि आपल्या देशाच्या कायद्यात माणसाचं वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो दिवस संपताना वाढतं. म्हणून तर एक एप्रिलला जन्मलेलं मूल शाळेत एक इयत्ता पुढे बसतं. त्या हिशेबाने एक जुलैची मुलगी तीस जूनलाच अकरा पूर्ण करते आणि वरच्या गटात जाते. वरच्या गटाला एक परीक्षा जास्तीची लागते. बारा वर्षांपूर्वी, हीच जन्मतारीख असलेल्या कानेहामा हिनाकोची ती परीक्षा राहिली होती आणि पुढची तारीख स्पर्धेनंतरची होती. त्यात माझं वैयक्तिक काही नव्हतं. तोक्योनेही तेच सांगितलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल.

आता सुमिरेचीही ती परीक्षा राहिली आहे. सध्या मुलींना शिकवते ती हिराई-सान. वय अठ्ठावीस. केस पिकलेल्या माणसाशी कसं बोलावं हे तिला कोणी शिकवलेलं नाही. मी तिला कायदा समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओसानाइ-सान, पण एकदा तोक्योला फोन करून विचारा ना."

मी म्हणालो, हे पूर्वी एकदा विचारून झालेलं आहे.

"मग परत विचारायला काय हरकत आहे?"

हरकत काहीच नाही. मुदत ३० जूनपर्यंत आहे.

ओसानाइ


२७ जून

निवा-सान,

या पत्राला स्मरणिकेचं निमित्त नाही.

काल सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी महासंघाला फोन केला. फिगरच्या टेबलावरच्या मुलीने उचलला. आवाजावरून पंचविशीची असेल. मी प्रांत, नाव, हुद्दा सांगितला आणि प्रश्न वाचून दाखवला. प्रश्न मी लिहून काढला होता, दोन परिच्छेद, कायद्याच्या कलमासकट. तिने पहिला परिच्छेद संपायच्या आत थांबवलं.

"एक जुलै ना? मग खालचा गट. तीस जूनला ती दहाचीच असते."

मी म्हणालो, पण नागरी कायद्याप्रमाणे.

"हो, ते शाळेच्या एप्रिलसारखं. ते आपण इथे लावत नाही. नियम मूळचा आंतरराष्ट्रीय आहे ना, त्यांच्याकडे वाढदिवस म्हणजे वाढदिवस. आणखी काही होतं का?"

आणखी काही नव्हतं. मी विचारलं, हे कधीपासून? तिने कोणाला तरी विचारलं. मागे कोणीतरी हसलं. मग म्हणाली, "पहिल्यापासून, म्हणतायत."

फोनवर लागलेला वेळ पस्तीस सेकंद. मी घड्याळ लावून बोलतो, ती सवय तुम्हाला ठाऊक आहे.

नंतर मी कपाटातली नियमपुस्तकं काढली. एकतीस आहेत. शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजीतून वाचायला मी जिथे शिकलो ती पहिली तीनसुद्धा. अकरा वाजता बसलो आणि तीनला उठलो. कलम एकाही वर्षी बदललेलं नाही. बारा वर्षांपूर्वीच्या पुस्तकात त्या ओळीशेजारी माझ्या अक्षरात लाल शाईने लिहिलं आहे: 'कायद्याप्रमाणे ३० जून धरावा.' दोनदा अधोरेखित. ही दोन टोकं जोडणारा देशात मी एकटाच आहे असं मला तेव्हा वाटलं होतं. ते खरंच होतं. दुसऱ्या कोणी जोडली नाहीत, कारण जोडायची नव्हतीच.

सुमिरेचा फॉर्म खालच्या गटात गेला. हिराई-सानला सांगितलं तर ती "बरं झालं" म्हणाली आणि बूट बांधत राहिली. एवढंच. जणू मी तिला बसची वेळ सांगितली होती.

तुम्ही शेवटचं जे बोललात ते मला तंतोतंत आठवतं. भाड्याच्या बुटांच्या खोलीत, दारात उभं राहून: "ओसानाइ, तुला मुलगी दिसत नाही, तारीख दिसते." त्यावर मी म्हणालो होतो, की तारीख चुकली तर मुलगी कोणालाच दिसत नाही. ते वाक्य मला आवडलं होतं. पुढे दोन-तीन सभांत मी ते वापरलंही.

ओसानाइ


१ जुलै

निवा-सान,

आज नव्या हंगामाचा पहिला दिवस. आज हिनाको तेवीस वर्षांची झाली.

मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. राहिलं नाही, मी वगळलं. चौदा जूनच्या पत्रात एक वाक्य होतं, की तोक्योनेही तेच सांगितलं होतं.

तोक्योने काही सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तुम्ही मला बुधवारी म्हणालात, तू लेखी विचार, तोक्यो सांगेल ते मी मान्य करेन. मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. लिफाफ्यात घातलं, पत्ता घातला. पाकीट शीतगृहातल्या यंत्रघराच्या खणात ठेवलं आणि शनिवारी तुम्हाला सांगितलं, की उत्तर आलं, वरचाच गट. तुम्ही विचारलंत, कोण बोललं? मी म्हणालो, समितीतून. तुम्ही खाली बघितलंत आणि म्हणालात, ठीक आहे, मग मी तिच्या घरी जाऊन सांगतो.

का, हे तुम्हाला विचारता येत नाही म्हणून मीच सांगतो. त्याच्या आदल्या महिन्यात तोक्योला पंचांचं शिबिर होतं. जेवणाच्या वेळी समितीतल्या एकाने माझी चौकशी केली, तुम्ही कोणत्या विद्यापीठाच्या क्लबचे? मी म्हणालो, शीतगृहाचा. सगळे हसले. वाईट हेतूने नव्हे. दुपारी एका नियमावर ते अडले आणि मी न बघता कलम सांगितलं, पान सांगितलं. तेव्हापासून ते मला 'कुरोहामाचा शब्दकोश' म्हणायला लागले. निवा-सान, आयुष्यात मला मिळालेली ही एकच पदवी. आणि शब्दकोशाने पंधरा दिवसांनी फोन करून अर्थ विचारायचा, हे मला जमलं नाही.

पस्तीस सेकंद लागले असते.

मी पत्रं पोचपावतीने पाठवतो, ती स्टेशनजवळच्या मोठ्या टपाल कचेरीतून. बंदरावरची कचेरी माझ्या घरापासून चार मिनिटांवर आहे. पण तिथे खिडकीवर हिनाको बसते. दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी तिकिटांसाठीसुद्धा स्टेशनपर्यंत चालत जातो.

ओसानाइ


१० ऑगस्ट

निवा-सान,

तुमचं उन्हाळी शुभेच्छापत्र मिळालं. क्लबकडून सगळ्यांना जातं तसं छापील आहे, पेंग्विनचं चित्र आहे, आणि पाठीमागे तुमच्या हातचं काही नाही. पण माझा पत्ता हाताने लिहिलेला आहे आणि कुरोहामातल्या 'कुरो' या चित्राक्षराखालचे चार ठिपके तुम्ही काढता तसे एका फटकाऱ्यात काढलेले आहेत. तुमच्या क्लबात दुसरं कोणी असं लिहीत असेल तर ही ओळ वाचू नये. पत्र मी कपाटावर उभं करून ठेवलं आहे. यंत्रघरातून आलो की समोरच दिसतं. घरी आल्यावर बघण्यासारखं दुसरं विशेष काही नाही.

जुलैच्या सभेत मी सगळं सांगितलं. उभा राहून, तारखांसकट, राजीनाम्याच्या कागदासकट. अध्यक्ष अजून माबेची-सानच आहेत. आता ऐंशीचे झाले. शर्यतीतला माणूस, आपल्या खेळाला अजून 'गिरक्या' म्हणतात. ते ऐकत होते की झोपले होते ते कळत नव्हतं. मी खाली बसलो तसे म्हणाले, "ओसानाइ, बारा वर्षांपूर्वीचं बर्फ ते. विरघळून, वाहून, समुद्रातून मासे होऊन आपण खाऊनही टाकलं." लोक हसले. मी म्हणालो, माझा राजीनामा. त्यांनी खोलीत नजर फिरवली आणि विचारलं, मग फॉर्म कोण भरणार? सगळे चहाच्या कपात बघायला लागले. राजीनामा मला घडी घालून परत देण्यात आला. म्हणजे शिक्षा झाली नाही, आणि काम तेवढंच राहिलं.

एवढं मात्र मी मंजूर करून घेतलं, की यापुढे प्रत्येक जन्मतारीख दोघं जण वाचतील. दुसरी हिराई-सान. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, वाचताना मोठ्याने वाचायचं का? मी हो म्हणालो. खोलीत कोणीतरी मोठ्याने वाचतंय हे बरं वाटतं.

मग मी बंदरावरच्या टपाल कचेरीत गेलो. दुपारी दोनला, तेव्हा गर्दी नसते. हिनाकोने मला पाहिलं आणि म्हणाली, "ओसानाइ काका, तिकिटांसाठी स्टेशनपर्यंत कशाला चालत जाता? इथे तर रांगही नसते." म्हणजे तिला माहीत होतं. स्टेशनजवळची कचेरी आणि ही, दोन्ही संध्याकाळी एकाच गाडीतून थैल्या पाठवतात. माझं अक्षर सगळे ओळखतात.

मी तिथेच, खिडकीशी उभं राहून सांगितलं. तुम्हाला लिहिलं त्याच क्रमाने. तिने खिडकी बंद असल्याची पाटी लावली आणि बाहेर येऊन बाकावर माझ्याशेजारी बसली. बराच वेळ ती पायातल्या बुटाचं टोक जमिनीवर टेकवून फिरवत होती. ती सवय अजून आहे.

"म्हणजे त्या वर्षी मी खालच्या गटात उतरले असते."

"हो."

"आणि?"

"आणि पुढे काय झालं असतं ते मला सांगता येत नाही."

"तुम्हाला सांगता येत नाही असंही काही आहे तर," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण मी तिच्याकडे बघू शकलो नाही. मग उठली. "मला नका सांगू हे, काका. आईला जाऊन सांगा. माझ्यापेक्षा तिचं जास्त आहे त्यात."

तिचं काय असणार, हे मला कळलं नाही. रविवारी सकाळच्या बाजारात गेलो. तिची आई, सेत्सुको-सान, अजून त्याच जागी मॅकरेल भाजते. मी टोपी काढून वाकलो आणि वाकलेलाच राहून सांगितलं, कारण उभं राहून जमलं नसतं. माझं संपल्यावर तिने निखारे चाळवले. मग म्हणाली, "मासा करपेल. जरा इकडे सरका."

मी सरकलो. तिने चारही मासे उलटले. आणि माशांकडे बघतच बोलायला लागली. हिनाको पायाळू होती, पोट कापूनच काढायची होती. डॉक्टरांनी दोन तारखा दिल्या, एक किंवा दोन, तुम्हाला चालेल ती सांगा. "मी म्हटलं एक. महिन्याची सुरुवात, काहीतरी चांगलं होईल. माझ्या तोंडून गेलं ते, ओसानाइ-सान. बारा वर्षं मी रोज मनात दोन म्हणते."

निवा-सान, मी एकतीस वर्षं जन्मतारखा तपासतो आहे. तारीख कोणी निवडलेली असू शकते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझ्यासाठी ती फॉर्मवर आपोआप आलेली असायची.

मी म्हणालो, एक तारीख बरोबर होती. एक तारखेत काहीही चूक नव्हती. हे मी तीनदा म्हणालो बहुतेक.

"त्या डॉक्टरांनाही मी किती शिव्या घातल्या," ती म्हणाली. "बिचारे वारले आता." मग चिमटा खाली ठेवून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "निवा सर माझ्या स्वयंपाकघरात रडले होते. तोक्योचा निर्णय आहे, माझं काही चालत नाही, म्हणत होते. त्यांना सांगितलंत का?"

"सांगितलं. पत्राने."

"पत्राने," ती म्हणाली, आणि एक मासा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. तो रागाने दिला की कसा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. घरी येऊन खाल्ला. एका बाजूने करपला होता.

ओसानाइ


२३ ऑक्टोबर

निवा,

एवढ्या पत्रांत मी तुला 'तुम्ही' म्हणत आलो. तू इथे असताना मी ते फक्त सभेत म्हणायचो. आता सभा संपली.

शनिवारी विभागीय स्पर्धा झाली. उत्तरेकडचे सातही प्रांत आले होते. सुमिरेच्या गटात चौदा मुली होत्या. मी पंचांच्या टेबलावर नव्हतो. यंदा नको म्हणून कळवलं होतं. प्रेक्षकांत बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. हातात कागद नाही, पेन्सिल नाही. हातांचं काय करायचं ते सुचेना. टाळ्या कुठे वाजवायच्या तेही कळत नव्हतं, मी सगळीकडे एक ठोका उशिरा वाजवत होतो. शेजारच्या आजींनी विचारलं, तुमची नात आहे का यात? मी म्हणालो, नाही, माझं कोणी नाही.

सुमिरे दुसऱ्याच उडीला पडली. मग शेवटून तिसऱ्या उडीला परत पडली. अकरावी आली. पुढे जाणार नाही. बाहेर येताना रडत नव्हती. हिराई-सानला काहीतरी सांगत होती आणि हाताने ती उडी पुन्हा करून दाखवत होती. त्या वयाची मुलं पडतात, उठतात, अकरावी येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उतरतात. हिनाकोकडून मी नेमकं हेच काढून घेतलं. इतकी वर्षं मला वाटायचं, फार तर एक पदक गेलं असेल. पदकाबद्दल मी मनात बरेच हिशेब मांडले होते, ती पहिली आली असती की तिसरी. पडणं मी मोजलंच नव्हतं.

हिनाको आली होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, गणवेशावर कोट घालून. माझ्या दोन रांगा मागे बसली होती, ते मला नंतर दिसलं. सुमिरेचं संपल्यावर खाली आली आणि म्हणाली, "हिची पात्याची आतली कड चांगली आहे. घाई करते, पण कड चांगली आहे." निवा, हे तुझं वाक्य आहे. जसंच्या तसं, मध्ये थांबण्यासकट. ती बारा वर्षं बर्फावर उतरलेली नाही. मी विचारलं, बंद का केलंस मग, पुढच्या वर्षी उतरता आलं असतं. ती म्हणाली, पुढच्या वर्षी निवा सर नव्हते.

ते मी इथे लिहून ठेवतो.

हिराई-सानने तिला विचारलं आहे, रविवारी पहाटे बर्फावर लहान मुलींचे हात धरायला येशील का. तिने अजून हो म्हटलेलं नाही. बुटांचा आकार मात्र सांगितला.

स्मरणिका छापायला गेली. अकराव्या पानावर आता असं आहे: 'या हंगामात नोंदणी-सचिव ओसानाइ योशिहिसा यांनी वयाचा नियम चुकीचा लावल्यामुळे कानेहामा हिनाको यांना स्पर्धेत उतरता आलं नाही. प्रशिक्षक निवा यांनी त्या वेळी हरकत घेतली होती. ती बरोबर होती.' माबेची-सान म्हणाले, सोळा पानांत तीन ओळी स्वतःला झोडण्यात घालवतोस. मी म्हणालो, शर्यतवाल्यांनी आम्हाला अठरा पानं द्यावीत मग. तीन ओळी राहिल्या. फोटो मी माझ्याकडचाच दिला, सूप पितानाचा. तुझा आला नाही म्हणून नव्हे. मला तोच आवडतो. त्या दिवशी तू मला बर्फावर ओढलं होतंस, आठवतं का? वयाच्या चाळिसाव्या वर्षी, दोन्ही हात धरून, उलटा सरकत. मी म्हणत होतो की नियम माहीत असायला बर्फावर उभं राहावं लागत नाही, आणि तू म्हणत होतास, गप्प बस आणि गुडघे वाकव. चार पावलं झाली. मग आपण दोघंही पडलो आणि त्यानंतर ते सूप. फोटोत माझा फक्त कोपर आहे. ओला.

सोबत एक पाकीट आहे. ते बारा वर्षांपूर्वीचं. यंत्रघराच्या खणातलं, वरती तोक्योचा पत्ता, कधी न चिकटवलेलं. आत माझा प्रश्न आहे, दोन परिच्छेदांत. तो त्या वेळी तुझ्यासाठी विचारायचा होता, म्हणून तुलाच पाठवतो. उत्तर तुला आधीपासून माहीत होतं.

हे शेवटचं मी टपाल कचेरीच्या बाकावर बसून लिहितो आहे. बंदरावरच्याच. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. हिनाकोने पाकीट एकदा तोलून पाहिलं. आतल्या जुन्या पाकिटामुळे जड झालं आहे, तिकीट वाढवावं लागेल म्हणाली. पत्ता वाचला. मग नेहमीचा प्रश्न विचारला, तो तिला सगळ्यांनाच विचारावा लागतो: पोचपावतीचं, की साधं?

पावती घेतली तर तुला दारात येऊन शिक्का मारावा लागेल, आणि तो चिरलेला शिक्का मला परत दिसेल, आणि मला कळेल की तुला मिळालं. मागची पाचही मी तशीच पाठवली. एकतीस वर्षांत या गावातून माझा एकही कागद पावतीशिवाय गेलेला नाही.

साधं, म्हणालो.

योशिहिसा